व्हिडिओ गेमचा जुना डबा : विकत घ्यावा की घरी करावा?



मागच्या पालकसभेत एका वडिलांनी मला उभं राहून विचारलं, "मॅडम, आमचं पोट्टं मोबाईलच सोडत नाही. त्यापेक्षा तो जुन्यावाला गेमचा डबा घेऊन देऊ का घरी? तुमच्या घरी हाय म्हणे." सगळी सभा हसली, पण त्यांचा प्रश्न खरा होता. सभा संपल्यावर आणखी चार-पाच पालकांनी तेच विचारलं : किती खर्च येतो, कुठे मिळतो, पोरं बिघडणार तर नाहीत ना? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. आपल्या शिक्षक बांधवांनाही यातून दोन-चार पाठांसाठी साहित्य मिळेल.

डबा म्हणजे नेमकं काय?

तिशी-चाळिशीतल्या वाचकांना सांगायची गरज नाही. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, वरच्या बाजूला टीव्हीसारखा पडदा, त्याखाली दांडी आणि रंगीत बटणं, आणि नाणं टाकायची फट. यालाच आर्केड मशीन म्हणतात. १९९० च्या दशकात आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ किंवा टॉकीजच्या बाजूला असं एखादं तरी व्हिडिओ गेम पार्लर दिसायचं. एका रुपयाला एक डाव.

माझा दादा तिथे जायचा. मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायची. आत मुलींनी जायचं नाही असा फलक नव्हता, पण एकही मुलगी आत नसायची, त्यामुळे फलकाची गरजच नव्हती. तिथे सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'वर असायची. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. त्यात चार पात्रं होती, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा. आपल्याकडे पोरांनी अख्ख्या खेळालाच त्याचं नाव दिलं. तो खेळ कसा संपतो हे मला दादाच्या तोंडून ऐकून पाठ होतं. दांडीला मात्र माझा हात कधी लागला नव्हता.

हे सांगायचं कारण असं की पार्लरबद्दल पालकांच्या मनात जी भीती असते (पैसे जातात, संगत बिघडते) ती मला समजते. दादाने वडिलांच्या शर्टातून रुपया काढल्याबद्दल खाल्लेला मारही मी पाहिला आहे. पण बाहेर उभं राहणं काय असतं तेही मला माहीत आहे. म्हणून माझ्या मुलीसाठी घरी डबा करायचं ठरवलं तेव्हा पहिला नियम हा ठरवला : तो बैठकीत राहील आणि सगळ्यांचा नंबर लागेल.

थोडा इतिहास, वर्गात सांगता येईल असा

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'पाँग' हा खेळ काढला. दोन पट्ट्या आणि एक ठिपका, म्हणजे पडद्यावरचं टेबल टेनिस. पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका मद्यालयात ठेवलं. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. जाऊन पाहतात तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचा डबा गच्च भरला होता! ही गोष्ट मुलांना फार आवडते.

१९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. वरून परग्रहवासी खाली उतरतात आणि आपण खालून त्यांना टिपायचं. यात एक मजेशीर गोष्ट आहे. शत्रू कमी होत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो. मुळात हे असं ठरवून केलेलं नव्हतं. मशीन एका वेळी एकाच शत्रूला पुढे सरकवायचं. सुरुवातीला ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. पडदा सेकंदाला साधारण ६० वेळा नवा होतो. म्हणजे सगळ्यांना एकेक पाऊल टाकायला ५५ भागिले ६०, जवळजवळ एक सेकंद लागतो. १० शत्रू उरले की तेच काम एक षष्ठांश सेकंदात होतं. पाचवीच्या मुलांना अपूर्णांकाचं याहून जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

१९८० चा 'पॅकमॅन' तर अनेकांना माहीत असेल. त्याच्या २५६ व्या पातळीवर पडद्याचा अर्धा भाग विस्कटून जातो आणि पुढे खेळताच येत नाही. कारण पातळी मोजायला मशीनकडे आठच खाने होते, आणि प्रत्येक खान्यात ० किंवा १. आठ वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की २५६ होतात, म्हणजे ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. मोजणी तिथे संपली आणि खेळ कोलमडला.

विकत की घरी?

आता मुख्य प्रश्न. तीन मार्ग आहेत.

१. तयार नवं मशीन. दिसायला सुंदर, घरी आणून पिन लावली की सुरू. पण पूर्ण उंचीच्या मशीनची किंमत प्राथमिक शिक्षकाचा महिन्याचा पगार सहज गाठते. परदेशातून मागवत असाल तर विजेचा दाब तपासा. अमेरिकेतली वस्तू १२० व्होल्टवर चालते, आपल्याकडे २३० व्होल्ट असतात.

२. भंगारातलं जुनं मशीन. मिळालं तर मोह होतो, पण सावध राहा. जुन्या मशीनमध्ये काचेच्या नळीचा पडदा असतो. त्यात वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि पिन काढल्यावरही नळीत वीज साठून राहू शकते. जाणकार टीव्ही मेकॅनिकने ती उतरवल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही, आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

३. घरी बनवणं. टेबलावर ठेवायचा छोटा डबा, आत जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक मुलांना संगणक शिकता यावा म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१२ साली आला.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त खेळायचंच असेल तर विकत घ्या. मूल शिकावं असं वाटत असेल तर घरी करा. आमच्या घरी डबा तयार व्हायला दिवाळीची अख्खी सुट्टी गेली, आणि मुलीने या डब्यासोबत घालवलेला सगळ्यात चांगला वेळ तोच होता. त्यात ती खेळत नव्हती, मोजत होती, कापत होती, चुकत होती. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. डी.एड.ला आपण तो परीक्षेसाठी पाठ केला. मला तो खरा कळला तो प्लाय कापताना.

साहित्य आणि आमचा खर्च

- १२ मिमीचा प्लाय (८ × ४ फुटांची एक शीट) आणि सुताराची मजुरी : ३,२०० रुपये
- दोन दांड्या, बटणं आणि एन्कोडर : २,४०० रुपये
- जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर : १,५०० रुपये
- स्पीकर, वायर, रंग, स्क्रू : ७०० रुपये
- जुना लॅपटॉप : घरातलाच

एकूण ७,८०० रुपये. दर गावानुसार आणि महिन्यानुसार बदलतात, तेव्हा हा आकडा फक्त अंदाजासाठी घ्या. मॉनिटर संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तिथे बरेचदा असे जुने मॉनिटर धूळ खात पडलेले असतात. दांड्या-बटणं ऑनलाइन मिळतात. मुंबईला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याला तापकीर गल्लीत जाणं झालं तर तिथेही चौकशी करा.

प्लायऐवजी स्वस्त भुश्श्याचा बोर्ड घेऊ नका. पावसाळ्यात तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही.

कृती

*पायरी १ : कागदावर डबा.* आमचं माप : रुंदी ६० सेंमी, उंची ६५ सेंमी, खोली ५० सेंमी. मुलीने आधी पुठ्ठ्याचा डबा केला. मग प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ काढून बेरीज केली : १९,२२० चौसेंमी. प्लायची शीट साधारण २४४ × १२२ सेंमी, म्हणजे २९,७६८ चौसेंमी. म्हणजे दोन तृतीयांश शीट पुरते. सुतारकाका म्हणाले, "हिशोब तर बरोबर हाय, पण करवतीची जाडी धरली का?" ती धरली नव्हती. पुस्तकातल्या आयतांना करवत लागत नाही, हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं.

*पायरी २ : उंची.* डबा ज्या टेबलावर ठेवणार ते टेबल मुलांना जुळलं पाहिजे. मुलांना सरळ उभं करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. बटणांची फळी त्याच्या आसपास हवी. फळी उंच झाली तर खांदे दुखतात.

*पायरी ३ : भोकं.* बटणांना साधारण २८ ते ३० मिमीचं भोक लागतं. बटण हातात आल्यावर मोजा, मगच भोक पाडा. हे काम सुताराकडूनच करून घ्या.

*पायरी ४ : दांडी आणि तरफ.* दांडीच्या खाली चार छोटे स्विच असतात, चार दिशांचे. दांडी उजवीकडे ढकलली की तिचं खालचं टोक डावीकडे जातं आणि डावीकडचा स्विच दाबतं. टेकू मध्ये, बल एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला : पहिल्या प्रकारची तरफ! आम्ही हे विसरलो आणि वायरी सरळ जोडल्या. सुरू केल्यावर वर म्हटलं की खाली, आणि डावीकडे म्हटलं की उजवीकडे. मुलगी हिरमुसली. मग आम्ही डबा उलटा करून दांडी हळूहळू हलवत खालून पाहिलं, आणि तिनेच कारण शोधलं. तरफेचा तो पाठ आता ती विसरणार नाही. आणखी एक प्रश्न विचारा : स्विच चारच, मग दिशा आठ कशा? तिरपी ढकलली की दोन स्विच एकदम दाबले जातात.

*पायरी ५ : वायरी.* दोन खेळाडू, प्रत्येकाच्या ४ दिशा, ४ बटणं आणि १ सुरुवातीचं बटण. एकूण १८ स्विच. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे ३६. पण एका बाजूची टोकं साखळीसारखी एकमेकांना जोडली तर एन्कोडरकडे फक्त १९ वायरी जातात. एन्कोडर म्हणजे 'कुठलं बटण दाबलं' हे संगणकाला कळवणारी छोटी पट्टी. ती घेताना एक विचारा : संगणकाला ती जॉयस्टिक म्हणून दिसते की कीबोर्ड म्हणून? कीबोर्ड म्हणून दिसणारी घ्या. का, ते पुढे येईल.

*पायरी ६ : हवा आणि वीज.* घाटावरच्या गावांत ठीक, पण आम्ही घाटाखालचे. एप्रिल-मे मध्ये डब्याच्या आत लॅपटॉप भाजून निघेल. म्हणून खाली आणि मागे वरच्या बाजूला भोकं ठेवा. गरम हवा वरून निघते, थंड हवा खालून शिरते. २३० व्होल्टची सगळी जोडणी मोठ्यांनीच करायची, तीन पिनांच्या अर्थिंगवाल्या बोर्डावर, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी. मुलांचं काम फक्त यूएसबीच्या ५ व्होल्टच्या बाजूला. लॅपटॉप वापरण्याचा एक फायदा असा की लाईट गेली तरी त्याची बॅटरी त्याला एकदम बंद पडू देत नाही.

खेळ कोणते घालायचे?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बटणांसोबत विक्रेत्याने एक मेमरी कार्ड फुकट पाठवलं होतं, 'हजारो खेळ' असं लिहिलेलं. आम्ही ते लावलं. त्यात मुस्तफाही होता. दादा भाऊबीजेला आला होता. त्या रात्री आम्ही दोघं बहीण-भाऊ दीड तास खेळलो. इतक्या वर्षांनी माझा हात दांडीला लागला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

पण पुढच्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी दिसल्या. पहिली, मुलं खेळतच नव्हती. एक खेळ दोन मिनिटं, मग दुसरा, मग तिसरा. मोबाईलवर बोट सरकवतात तसंच. मी बैठकीत एक मोठा मोबाईल आणून ठेवला होता. दुसरी गोष्ट मुलीने विचारली : "आई, हे सगळे खेळ आपण विकत घेतले का?"

नव्हते घेतले. जुनी मशीन्स संगणकावर चालवणारा 'मेम' नावाचा प्रोग्राम १९९७ पासून आहे आणि तो मोफत आहे. पण त्यावर चालणारे खेळ ही वेगळी वस्तू. ते बनवणाऱ्या कंपन्यांचे हक्क अजून शाबूत आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामलाही संरक्षण आहे. खेळ जुना झाला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. वर्गात "दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका" असं मी रोज सांगते. ते कार्ड मी काढून टाकलं, मुस्तफासकट. वाईट वाटलं, पण मुलीसमोर दुसरा मार्ग नव्हता.

मग काय घालायचं?

- मालकांनी स्वतः परवानगी दिलेले मोजके जुने खेळ 'मेम'च्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.
- काही कंपन्या आपल्या जुन्या खेळांचे संच संगणकासाठी अधिकृतपणे विकतात.
- सगळ्यात उत्तम म्हणजे मुलांनी स्वतः बनवलेले खेळ.

तिसऱ्यासाठी 'स्क्रॅच' वापरा. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी आणलेली ही मोफत प्रोग्रामिंगची भाषा. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे की प्रोग्राम तयार. इंटरनेट नसतानाही चालते. आणि स्क्रॅचला कीबोर्डची बटणं सहज कळतात, म्हणूनच वर कीबोर्डसारखा दिसणारा एन्कोडर घ्या असं म्हटलं.

माझ्या मुलीने आणि शेजारच्या तीन मुलांनी मिळून 'रोही हाकल' नावाचा खेळ केला. शेतात रोही शिरतात, आपण खालून फटाके उडवून त्यांना हाकलायचं. सोयाबीन उरलं तितके गुण. शेजारच्या मुलाने सांगितलं, "रोही कमी झाले की जास्त पळायला पाहिजे, नाहीतर मजा नाही." त्याने 'स्पेस इन्व्हेडर्स'चं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या शेतात मागच्या वर्षी रोह्यांनी खरोखरच नुकसान केलं होतं. त्याने खेळात एक कुंपण घालायचा हट्ट धरला, आणि ते घातलंही.

घरचे नियम

१. डबा बैठकीतच राहील. झोपायच्या खोलीत नाही.

२. बाटलीच्या झाकणांची नाणी केली आहेत. रोज प्रत्येकाला तीन. एक झाकण, एक डाव. संपली की संपली.

३. नंबर पाटीवर लिहायचा. लहान-मोठा, मुलगा-मुलगी असा भेद नाही. पाहुण्यांना आधी.

४. ज्याचा नंबर नाही त्याने पाहायचं, सल्ला द्यायचा, पण दांडीला हात लावायचा नाही.

५. एका वेळी डब्यात पाचच खेळ. नवा हवा तर जुना काढायचा.

दुसऱ्या नियमाबद्दल थोडं. जुने खेळ मुद्दाम अवघड असायचे, कारण डाव लवकर संपला तरच पुढचं नाणं पडायचं. मोबाईलवरच्या अनेक खेळांत डाव संपतच नाही आणि कमाई जाहिरातींतून किंवा खेळातल्या खरेदीतून होते. हा फरक पाचवी-सहावीच्या मुलांना समजावून सांगा. आपला वेळ कोण आणि कसा विकत घेतं हे त्यांना कळलं पाहिजे.

शिक्षकांसाठी

शाळेत अख्खा डबा करायची गरज नाही. आनंददायी शनिवारी एक दांडी, दोन बटणं आणि पुठ्ठ्याचं खोकं एवढ्यावर तरफ, विद्युत परिपथ, क्षेत्रफळ आणि अपूर्णांक असे चार विषय होतात. बिघडलेला कीबोर्ड मिळाला तर मुलांसमोर उघडा. आतल्या दोन पातळ पारदर्शक पत्र्यांवरच्या रेषा एकमेकांना कुठे चिकटतात ते त्यांना शोधू द्या.

मोबाईल सुटला का?

पूर्ण सुटला नाही. पण डब्यासमोर एक मूल एकटं कधी नसतं. मागे दोघं-तिघं उभी असतातच. परवा शेजारची सहावीतली मुलगी आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "काकू, मी पण खेळू शकते का?" मी तिला पाटी दिली. तिने चौथ्या नंबरावर आपलं नाव लिहिलं आणि आत येऊन बसली.

पालकसभेतल्या त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं : डबा विकत आणू नका भाऊ, पोट्ट्याला सोबत घेऊन करा. त्यांनी विचारलं, "मले कुठं येते मॅडम?" मी म्हटलं, मलाही येत नव्हतं.

तुम्ही करून पाहिलात तर काय चुकलं ते नक्की कळवा. दांडी उलटी जोडली असेल तर आधी खालून पाहा!